गच्चमावशीचा पिंजरा

कारखान्यात ती माल बांधायची आणि मी उचलायचो. माल म्हणजे काचेच्या बरण्या. पॅकिंगच्या लांब टेबलाशी सात-आठ बायका उभ्या असत आणि कुठला खोका कोणी बांधला हे मी न विचारता सांगत असे. खांद्यावर घेतला की कळायचं. काही खोक्यांत पायऱ्या उतरताना बरण्या किणकिणत. काहींचं वजन एका अंगाला सरकायचं, मग कंबर वाकडी करून चालावं लागायचं. तिचा खोका विटेसारखा यायचा. आत काही सुटं आहे असं जाणवायचंच नाही. म्हणून सगळे तिला गच्चमावशी म्हणत. तिला ते आवडायचं, पण तिने कधी कबूल केलं नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. खोक्यात पुठ्ठ्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या घालून खण करायचे. एका खणात एक बरणी. भोवती कागदाचा भुसा, तोही बोटाने दाबून. एक बरणी दुसरीला लागता कामा नये आणि एकही बरणी जागची हलता कामा नये. सगळं भरून झालं की ती खोक्याला कान लावायची आणि खोका हलवायची. आवाज आला नाही तर चिकटपट्टी. जरासा आला तरी सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून.

सुपरवायझर म्हणायचा, "मावशी, एवढ्याने काही फुटत नाही."

"फुटल्यावर जोडायला तू येणार आहेस का?" ती म्हणायची.

तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. कारखान्याच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या एका खोलीत ती राहिली आणि तिथूनच निवृत्त झाली. पुढे ती इमारत पाडायची ठरली, तेव्हा तिचा भाचा तिला न्यायला आला. भाचा म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम करतो. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत नवरा-बायको आणि ओटा, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मावशीची खाट. तिने आपला संसार स्वतः बांधला. सहा खोकी झाली. ती मी आणि भाच्याने उचलली. जिना अरुंद होता, पण एकाही खोक्यातून आवाज आला नाही.

चार खोकी खाटेखाली गेली, दोन खाटेच्या पायाशी. रोज घालायचे कपडे एका पिशवीत होते, तेवढे बाहेर काढले. बाकी एकही चिकटपट्टी तिने कापली नाही.

मी आठवड्यातून एकदा चहाला जायचो. पहिल्याच भेटीत विचारलं, "मावशी, खोकी कधी उघडणार?"

"कशाला? उद्या निघायचं झालं तर पुन्हा बांधत बसू?"

"निघणार कुठे?"

"ते उद्या बघू."

हा उद्या काही वर्षं चालला. घरातली माणसं खोक्यांना वळसा घालून चालायला शिकली. भाच्याची बायको खोक्यांवरची धूळ पुसायची आणि त्यांच्याबद्दल अक्षर काढायची नाही. आत्या म्हणून मान होता, पण मावशीला कपही विसळू देत नसत. "राहू द्या आत्या, मी करते." ज्या बाईने उभं आयुष्य उभ्याने काम केलं, तिला बसवून ठेवणं म्हणजे काय, हे त्या घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांचा हेतू चांगला होता. मावशी आणि भाचेसून यांचं भांडण नव्हतं. भांडायलाही थोडी ओळख लागते.

भाचेसून एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. काचेची भांडी धुणं, कपाटं लावणं, आणि कोपऱ्यातल्या प्राण्यांना खाणं-पाणी देणं. प्राणी म्हणजे दोन गिनीपिग, दोन्ही माद्या. एक तपकिरी, तिला ती तपकीर म्हणायची. दुसरी पांढरी, एका डोळ्यावर काळा डाग, म्हणून डागी. शाळेला तो कोपरा नव्या टेबलांसाठी हवा झाला. शाळेच्या ओळखीचा एक माणूस दोघींना न्यायला तयार होता. त्याने घरी मोठा साप पाळलेला होता. गिनीपिग कशासाठी हवेत, हे त्याला विचारायची गरज नव्हती. भाचेसुनेने संध्याकाळी दोघींना टोपलीत घातलं आणि घरी आणलं.

भाचा म्हणाला, "घरात पाय ठेवायला जागा नाही आणि तू उंदीर आणलेस?"

"उंदीर नाहीत. शेपूट दिसतंय का कुठे?"

"बरं. बिनशेपटीचे उंदीर."

त्याचंही खोटं नव्हतं. ओल्या पाट्या तो भिंतीला टेकवून वाळवायचा आणि घरात मोकळी भिंतही धड उरलेली नव्हती. शेवटी रविवारपर्यंतची मुदत ठरली. तोवर दोघींची नीट सोय झाली तर ठीक, नाहीतर त्या माणसाला फोन करायचा. भाचेसून हो म्हणाली आणि टोपलीपाशी बसून राहिली.

तेव्हा खाटेवरून मावशी बोलली. "पिंजरा मी करते."

भाचा म्हणाला, "तू कशाला त्रास घेतेस आत्या?"

"पुठ्ठा आण. दुहेरी थराचा."

हे मला भाच्याने नंतर सांगितलं. तो म्हणाला, तिने या घरात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, म्हणून मी उठून लगेच गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाला गेलो तर पिंजरा तयार होता. मी अनेक हात पाहिले आहेत. असा पुठ्ठा कापणारा हात मी दुसरा पाहिला नाही. कोपरे एकावर एक चढवून चिकटवलेले, कुठे सुरकुती नाही. हवेसाठी भोकं, सगळी एका रेषेत. मध्ये आडवी पट्टी घालून दोन खण केलेले. दोऱ्याने दोन्ही जनावरांची मापं घेतली होती, लांबी आणि पोटाचा घेर. एका खणात तपकीर, एका खणात डागी, भोवती कागदाचा मऊ भुसा.

"बघ," मावशी म्हणाली. "हूं नाही की चूं नाही."

मी सवयीने एक कोपरा उचलून पाहिला. काही सरकलं नाही.

"गच्च आहे," मी म्हणालो.

ती खूश झाली. माझ्या डोक्यातही दुसरं काही आलं नाही. आम्ही दोघं एकाच कारखान्यातले.

भाचेसून शाळेतून आली आणि चपला न काढताच खोक्याशी वाकली. तिने एकेक करून दोघींना उचललं आणि छातीशी धरलं.

"आत्या, यांनी काही खाल्लं?"

"नाही. पण शांत आहेत."

"शांत नाहीत, घाबरल्यात. घाबरल्या की अशाच दगड होतात." तिने मधली पट्टी उपटून काढली. "ही भिंत कशाला?"

"एकमेकींना लागू नये म्हणून."

"त्यांना एकमेकींना लागूनच बसायचं असतं." दोघींना तिने एकत्र सोडलं, तशा त्या एकमेकींच्या कुशीत शिरल्या आणि बारीक आवाजात शिट्ट्या मारायला लागल्या. भाचेसुनेचाही आवाज चढला. "यांना पळायला लागतं, आत्या. इकडून तिकडे. या काही बरण्या नाहीत."

बोलून गेल्यावर तिचा चेहरा उतरला. मावशीने पट्टी हातात घेतली, सरळ केली आणि खाटेवर ठेवली.

"किती जागा लागते?"

"जेवढी होईल तेवढी."

"हे काय माप झालं?"

"जितकी जास्त तितकं बरं. निदान तुमच्या खाटेएवढी तरी." एवढं म्हणून भाचेसून थांबली, कारण आम्ही सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं होतं. खाटेखाली खोकी होती. कोपऱ्यात पाटी रंगवत बसलेल्या भाच्याने लगेच नजर छताकडे नेली.

"जाऊ दे," भाचेसून म्हणाली. "रविवारी देऊन टाकू." आणि आत गेली.

मावशी तिचं नेहमीचं वाक्य बोलली. "माझं काय, मी उद्या निघेन. मग होईल जागा."

आत पातेलं जरा जोरात आदळलं. मी चहा संपवला आणि निघालो.

तो पुठ्ठ्याचा पिंजरा एक रात्रही टिकला नाही. तळ भिजून मऊ झाला आणि एक कोपरा दोघींनी मिळून कुरतडला. इतकं चांगलं काम इतक्या लवकर वाया गेलेलं मी क्वचित पाहिलं. दोघी परत टोपलीत गेल्या.

शनिवारी सकाळी मावशीचा फोन आला. "रिकामा आहेस का? खोकी हलवायची आहेत."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. माझी कंबर आता वजन घेत नाही, हे तिला माहीत होतं. तरी मला बोलावते म्हणजे दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखं नसणार. मी जुनी दोरी घेतली, खांद्यावर टाकायची कापडाची घडी घेतली. वाटेत तिला काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करत गेलो. या वयात कुठे खोली शोधणार. कोण देणार. त्या पोरीने रागात एक शब्द टाकला, तो इतका धरून बसायचा का. जिना चढेपर्यंत माझं भाषण तयार होतं.

दार उघडंच होतं. भाचा भिंतीला टेकून उभा होता. भाचेसून दाराशी टोपली घेऊन बसली होती, डोळे लाल.

"काका, तुम्ही तरी सांगा," ती म्हणाली. "मी आत्यांना म्हटलं, या दोघींना आजच देऊन टाकते, पण तुम्ही जाऊ नका. ऐकतच नाहीत. नुसतं म्हणतात, हमाल येऊ दे."

मावशी खाटेवर बसली होती. गुडघ्यावर तिची पॅकिंगची सुरी, मुठीला गुंडाळलेली पट्टी झिजलेली.

"आलास का? उचल."

"मावशी, आधी माझं ऐक."

"आधी उचल."

"कुठे न्यायची?"

"नेतोस कुठे? इथे मध्ये ठेव. उघडायची आहेत." तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "आणि ही दोरी कशाला? मला बांधून न्यायला आलास?"

भाचेसुनेला हसू आलं आणि तिने ते टोपलीत तोंड घालून लपवलं. माझं भाषण तसंच राहिलं.

मी आणि भाच्याने खोकी ओढून मध्ये आणली. इतकी वर्षं बंद असलेली, तरी कोपरे शाबूत. मावशीने पहिली चिकटपट्टी कापली. सुरी नुसती टेकवली आणि ओढली, पुठ्ठ्यावर ओरखडा नाही. आतून पातेली निघाली, एकात एक, मध्ये कागद. गोधड्या निघाल्या. भिंतीवरचं घड्याळ निघालं, गोधडीतच गुंडाळलेलं. चावी दिली आणि ते चालू लागलं. नवऱ्याचा दाढीचा आरसा निघाला. तो भाच्याने न विचारता नेऊन बाथरूमच्या भिंतीला लावला. शेवटच्या दोन खोक्यांत बरण्या होत्या. कारखान्यात किरकोळ खोटीमुळे बाजूला काढलेल्या, आम्हाला घरी न्यायला मिळायच्या त्या. निळ्या, हिरव्या, एक मधाच्या रंगाची.

"आत्या, एवढ्या सुंदर बरण्या तुम्ही खाटेखाली ठेवल्या होत्या?"

"फुटली का एक तरी?"

"नाही."

"मग?"

भाचेसुनेने मधाच्या रंगाची बरणी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मावशी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ठेव तुझ्या ओट्यावर. त्या दोघींचं दाणापाणी भर तिच्यात."

दुपारपर्यंत प्रत्येक वस्तूला जागा सापडली. ज्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्या घरात एवढा संसार कुठे मुरला हे मला अजून कळलेलं नाही. काही भाच्याने वर टांगलं, काही आतल्या कपाटात गेलं. खाटेखालची जमीन मोकळी झाली. तिथे खोक्यांच्या खुणा होत्या, चार स्वच्छ चौकोन. भाचेसुनेने त्या पुसल्या.

मग पिंजरा. पुठ्ठा भिजतो हे कळलं होतं, म्हणून भाच्याने आपल्या सामानातून पोकळ प्लॅस्टिकची मोठी शीट आणली. पाट्यांसाठी वापरतात ती; दोन पातळ थर आणि मध्ये ओळीने नळ्या. जुनी पाटी होती. तिच्यावर त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं, 'जागा भाड्याने देणे आहे'. बंद पडलेल्या एका कपड्याच्या दुकानातून मिळालेले तारेच्या जाळीचे चौकोनही त्याच्याकडे पडून होते.

"अक्षरं पुसून देतो," तो म्हणाला.

"राहू दे," मावशी म्हणाली. "त्या दोघी वाचत नाहीत आणि मी चष्मा लावत नाही."

शीटच्या कडा वीतभर उभ्या घडी करून ताट बनवायचं होतं, म्हणजे खालचं ओलं बाहेर येत नाही. मावशीने पट्टी ठेवली, सुरी ओढली आणि घडी घातली. कड तुटून हातात आली. पुठ्ठ्याच्या सवयीने तिने जोर दिला होता. भाचा पुढे झाला.

"मी करू का?"

"नाही. मला एक तुकडा दे फाटका."

त्या तुकड्यावर ती बराच वेळ बसली. नळ्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने घडी आपोआप पडते, ते सोपं. नळ्यांना आडवी घडी घालायची तर सुरी फक्त वरच्या थरातून गेली पाहिजे आणि खालचा थर बिजागरीसारखा शिल्लक राहिला पाहिजे. ती ओढायची, घडी घालायची, पालथं करून बघायची. तुटलं की पुढची रेघ. तुकड्यावर रेघांना जागा उरली नाही तेव्हा कुठे तिने मूळ शीट ओढून घेतली. त्यानंतर एकही कड तुटली नाही. नवं काम शिकायला तिला त्या वयात एक दुपार लागली. मी तिथे होतो म्हणून सांगतो, ती पूर्ण दुपार लागली, आणि तिने ती दिली.

चारी बाजूंनी जाळीचे चौकोन उभे केले आणि वायरी बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधले. पट्ट्या ओढायचं काम मावशीचं; ती ओढते तेव्हा गाठ खरंच बसते. उरलेली टोकं कापली, त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवली. मग तिने आतून सगळीकडे तळहात फिरवला. जिथे टोचलं तिथे पुन्हा कापलं. पुढचा एक चौकोन वरून मोकळा ठेवला, म्हणजे तो खाली पाडून आतलं झाडता येतं. पिंजरा खाली बसावा म्हणून भाच्याने खाटेच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे दिले. पिंजरा खाटेच्या लांबीचा झाला आणि रुंदीला हातभर बाहेर आला, खिडकीच्या उजेडात. तळाला वर्तमानपत्र, त्यावर तिची एक गोधडी.

"ती चांगली आहे, आत्या. जुनी चादर घालू."

"मऊ आहे म्हणून चांगली आहे. घाल."

एक काम उरलं. लपायला घर लागतं, भाचेसून म्हणाली. मावशीने आपला सर्वांत लहान खोका उलटा केला आणि त्याला एक दार कापलं.

"दोन कापा," भाचेसून म्हणाली. "एकच असलं तर एक दारात बसते आणि दुसरी आत अडकते."

"असं होय," मावशी म्हणाली आणि दुसरं कापलं.

दोघींना आत सोडलं. दोघी थेट खोक्यात. आम्ही चौघं जमिनीवर बसून त्या दारांकडे बघत राहिलो. बराच वेळ काही झालं नाही.

भाचा कुजबुजला, "आवडलं नाही वाटतं."

"गप्प बस," मावशी आणि भाचेसून एकदमच म्हणाल्या.

आधी तपकिरीचं नाक आलं. मग ती अख्खी आली, जाळीच्या कडेकडेने शेवटपर्यंत गेली आणि तिथून परत पळत सुटली. मागोमाग डागी. एका फेरीत डागी मध्येच चारी पायांवर उडाली आणि हवेत अंग पिळून खाली आली.

"हिला काय झालं?" मावशी घाबरली. "डोकं फिरलं का?"

"आनंद झाला की त्या अशा उडतात," भाचेसून म्हणाली. "शाळेत मी हे फक्त एकदा पाहिलं होतं."

मावशीने जाळीवर हात ठेवला. "जागा पुरते का यांना?"

"पुरते, आत्या."

रविवारी त्या माणसाचाच फोन आला. भाच्याने घेतला. "नाही हो," तो म्हणाला, "जागा गेली," आणि पिंजऱ्याच्या कडेवर दिसणाऱ्या पाटीच्या अक्षरांकडे बघून स्वतःच हसत बसला.

मी अजून आठवड्यातून एकदा चहाला जातो. चहा मावशी करते. कप कोण विसळणार यावरून दोघी रोज वाद घालतात, म्हणजे ओळख झाली. भाचेसुनेने एकदा माझ्यादेखत विचारलं, "आत्या, झोपताना खालून खुडबुड होते, त्रास होत नाही?" मावशी म्हणाली, पहिले काही दिवस दर आवाजाला दचकून उठत होते, काहीतरी सुटं राहिलंय असं वाटायचं. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही. ते मी परवा पाहिलं.

मी माझ्या कंबरेचं गाऱ्हाणं सांगत होतो. ती खाटेवर बसून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला.

"थांब."

"काय झालं?"

"आवाज येत नाही."

ती खाली वाकली, जाळीला कान लावला आणि तशीच राहिली. मग खालून वाळकं गवत ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चावल्याचा.

मावशी गुडघ्यावर हात टेकून सावकाश सरळ झाली.

"हं," ती म्हणाली. "बोल आता."